हौस त्यांची आणि ओलं कापड आपलं?



मार्च संपत आला की आपल्या इकडच्या, म्हणजे अमेरिकेतल्या, बऱ्याच घरांत एक विषय हमखास निघतो. बर्फ वितळतं, मार्केटप्लेसवर पॉप-अप कॅम्परच्या जाहिराती दिसायला लागतात आणि रात्री फोन पुढे करून "हे" म्हणतात, "अगं बघ ना, चार हजारात मिळतोय. हॉटेलचा खर्च वाचेल, मुलांना निसर्ग दिसेल आणि तुलाही जरा आराम." या तीन गोष्टींपैकी एक खरी आहे, मुलांना निसर्ग दिसेल. उरलेल्या दोन गोष्टींवर आज मला भांडायचं आहे.

सांगली-कोल्हापूर-सोलापूरकडून वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. पॉप-अप कॅम्पर म्हणजे गाडीमागे ओढायची चाकांवरची पेटी. रस्त्यावर असताना ती कंबरेपासून छातीपर्यंत उंच असते. मुक्कामी पोहोचलं की हँडल फिरवून छत वर उचलायचं, दोन्ही टोकांचे पलंग ड्रॉवरसारखे बाहेर ओढायचे, मधल्या भिंती कापडाच्या. आत छोटी शेगडी, सिंक, कुठे फ्रिज, कुठे हीटर. इंडियाना राज्यातल्या मिडलबरी गावी लॉइड आणि बर्था बॉन्ट्रेगर या नवराबायकोने १९६८ साली आपल्या शेतावर जेको ही कंपनी काढली, ती असेच घडीचे कॅम्पर बनवण्यासाठी. तेव्हापासून मूळ कल्पना फारशी बदललेली नाही. साधी, शेतकरी डोक्यातून निघालेली वस्तू आहे आणि मला ती आवडते. आमच्या घरी एक आहे. म्हणूनच कुणी ती खोटं बोलून घरात आणली की मला राग येतो.

आधी पैशांचं बघू. "हॉटेलचा खर्च वाचतो" हे वाक्य ज्याने घरात उच्चारलं, त्याच्यासमोर वही ठेवा. समजा, वर्षातून बारा रात्री बाहेर काढता आणि हॉटेलची खोली १३० डॉलरला पडते. झाले १,५६० डॉलर. आता समजा, नवा कॅम्पर घेतला, २०,००० डॉलरचं कर्ज, आठ टक्के व्याज, बारा वर्षं. हप्ता महिना सुमारे २१६ डॉलर, म्हणजे वर्षाचे जवळपास २,६०० डॉलर. त्यात कॅम्पग्राउंडचं भाडं रात्री ४० धरलं तर ४८०. सोसायटीच्या नियमात दारात ट्रेलर उभा करायला बंदी असेल, आणि बऱ्याच ठिकाणी असतेच, तर बाहेर जागेचं भाडं महिना ५० म्हणजे ६००. विमा, नोंदणी, टायर, ग्रीस मिळून आणखी साडेतीनशे. बेरीज चार हजारांच्या वर जाते. १,५६० वाचवायला चार हजार! आणि बारा वर्षांत त्या वीस हजारांचे एकतीस हजार भरून होतात, तेव्हा कापड विरलेलं असतं आणि मुलगा कॉलेजात.

जुना घेतला तर? चार हजार रोख द्या, आठ वर्षं वापरा, म्हणजे वर्षाला ५०० पडले. भाडं ४८०, जागा ६००, बाकी डागडुजी थोडी जास्त धरून ४५०. बेरीज २,०३० होते. म्हणजे अजूनही हॉटेलपेक्षा महाग. स्वतःच्या गॅरेजमध्ये मावत असेल तर जागेचे ६०० वजा करा, मग कुठे १,४३० होतात आणि हॉटेलच्या बरोबरीला येतो. इथे कुणी म्हणेल, हॉटेलात बाहेरचं खावं लागतं ते नाही का धरलंस? नाही धरलं, कारण आपण हॉटेलातही कुकर, शेंगाची चटणी आणि कडक भाकरी घेऊनच उतरतो. तो खर्च दोन्हीकडे सारखाच.

आणि बारा रात्री तरी होतात का? इकडचा कॅम्पिंगचा हंगाम मे ते सप्टेंबर. आषाढात चातुर्मास लागतो, आपल्यापैकी कितीतरी जणी त्या काळात प्रवासाची मर्यादा घेतात. लेबर डेच्या लांब सुट्टीच्या आसपास बहुतेकदा दशलक्षण येतं. राष्ट्रीय उद्यानांतल्या आणि सरकारी जंगलांतल्या चांगल्या जागा सहा-सहा महिने आधी आरक्षित होतात. अशा घरात मे आणि जून एवढेच हातात राहतात, आणि त्यात मुलांच्या परीक्षा. ज्या घरात वर्षाला पाच रात्रीच निघणार आहेत, त्या घराने कॅम्पर भाड्याने घ्यावा. भाड्यात दोन उन्हाळे काढले की हौस खरी किती, तेही कळतं. हा हिशोब मांडला की "तू नेहमी मोडता घालतेस" असं ऐकायला मिळेल. ऐकून घ्या आणि वही पुढे सरकवा.

मग घ्यायचा तरी कशाला? माझ्या मते एकच सबळ कारण आहे, स्वतःचं स्वयंपाकघर सोबत असणं. गाळलेलं पाणी, आपली भांडी, कांदा-लसूण न लागलेला तवा, आणि दिवस मावळायच्या आत जेवण. जूनमध्ये मिशिगनला सूर्य नऊ वाजून गेल्यावर मावळतो, तेव्हा दिवसभर भटकून येऊनही निवांत स्वयंपाक करून वेळेत जेवता येतं. रात्रिभोजनाचा त्याग असणाऱ्या सासूबाईंना घेऊन हायवेवर साडेसात वाजता जैन जेवण शोधत फिरणं किती जिवावर येतं ते आपल्याला माहीत आहे. या सोयीला किंमत आहे आणि ती मोजायला मी तयार आहे. पण तिला सोय म्हणा, बचत म्हणू नका.

आता "तुलाही आराम" या दुसऱ्या गोष्टीकडे येते. खरी लबाडी इथे आहे.

मैत्रिणींनो, पॉप-अपला कापडाच्या भिंती आहेत, हे जाहिरातीत दिसतं. त्याचा अर्थ दिसत नाही. रविवारी सकाळी पावसात तळ उठवावा लागला तर कापड ओलंच घडी होतं. ओलं कापड बंद पेटीत राहिलं की दोन-चार दिवसांत बुरशी धरते. म्हणून घरी आल्यावर एक-दोन दिवसांत कॅम्पर परत पूर्ण उघडायचा, पलंग बाहेर काढायचे, गाद्या उभ्या करायच्या, उन्हात किंवा पंखा लावून कापड कोरडंठाक करायचं आणि मग पुन्हा मिटायचा. रविवारी उशिरा पोहोचलात तर हे काम सोमवारी येतं. सोमवारी ऑफिस असतं, मुलांची शाळा असते, धुण्याचा ढीग असतो. आणि त्या दिवशी "मला आज मीटिंग आहे, तू बघशील का" हे वाक्य कोण कुणाला म्हणतं, ते मी सांगायला नको.

आपल्यासाठी तर ही बुरशी नुसती कुबट वासापुरती नाही. बुरशी म्हणजे अनंत जीव, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. लोणच्यावर बुरी येऊ नये म्हणून कोरडा चमचा वापरणाऱ्या बायका आपण, आणि अख्खा तंबू बुरसू द्यायचा? एकदा धरली की ती घासून काढावी लागते, म्हणजे आधी आळस आणि मग हिंसा. ब्लीच मारलं तर कापडही जातं, शिवण सुटते, पाणी रोखणारा लेप निघून जातो. साध्या सौम्य साबणाने, मऊ ब्रशने धुणं आणि मुख्य म्हणजे वेळेवर वाळवणं, एवढाच उपाय. यालाच यत्नाचार म्हणतात. पण यत्नाचार हा घरातल्या एकाच माणसाचा धर्म असतो का, एवढं मला कुणीतरी सांगा.

उंदरांचंही तेच. हिवाळ्यात बंद ठेवलेल्या कॅम्परमध्ये उंदीर शिरतात, गाद्या कुरतडतात, कापडात भोकं पाडतात. मग सापळे आणि विष आणायची वेळ येते. ती येऊ द्यायचीच नाही. ऑक्टोबरात ठेवताना खाण्याचा कणही आत राहू द्यायचा नाही, खाली वाकून वायरी आणि नळ्या जिथून आत जातात ती भोकं तारेच्या घासणीने गच्च बुजवायची, मधूनमधून उघडून बघायचं. थंडीच्या राज्यात पाण्याच्या नळ्या रिकाम्या करून त्यांत कॅम्परसाठी मिळणारं गुलाबी अँटीफ्रीझ भरायचं, नाहीतर गोठलेलं पाणी पंप आणि नळ्या फोडतं. एक शनिवार यात जातो. कॅम्पर घेताना तो शनिवार कुणाचा, हे ठरलेलं असतं का?

आणि स्वयंपाक! घरी चार शेगड्या, ओटा, नळाला गरम पाणी. तिथे दोन शेगड्या, हातभर ओटा, वाकून भांडी. बाकीचे तळ्यावर जाऊन येतात आणि "काय गं, मस्त भूक लागली!" म्हणतात. याला आराम म्हणायचं असेल तर आराम या शब्दाचा अर्थ आपण विसरलो. आमच्याकडे एक नियम आहे. सकाळचं जेवण माझं आणि संध्याकाळचं बाकीच्यांचं. मुलाला खिचडी येते, यांना उपमा येतो, कुणी उपाशी राहिलेलं नाही.

आता थोडं आपल्याबद्दल, आणि हे काहींना झोंबेल. "मला बाई त्या गाडीतलं काही कळत नाही" असं आपल्यातल्या अनेकजणी हसत सांगतात. मला हे वाक्य आवडत नाही. आपण मुलांना घेऊन त्याच गाडीत बसतो. मागे टनभर वजन हेलकावत असतं. ते वजन कुठे किती आहे हे माहीत नसणं ही नम्रता नव्हे.

आणि ते कळायला काय लागतं? डाळ-तांदळाचं प्रमाण कळतं तिला हेही कळेल. सिएना किंवा ओडिसीसारखी मिनीव्हॅन योग्य हिच आणि आवश्यक सामग्री बसवली असेल तर ३,५०० पौंडांपर्यंत ओढते. पेट्रोलवरची सीआर-व्ही अमेरिकेत १,५०० पौंडांपर्यंतच. आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो. कॅम्परवरच्या पाटीवर १,८०० पौंड लिहिलेलं असेल तर ते रिकाम्याचं. वीस गॅलन पाणी भरलं की १६७ पौंड वाढले. गॅसचा सिलिंडर आणि बॅटरी मिळून नव्वद. भांडी, धान्य, अंथरुणं, खुर्च्या अडीचशे. झाले २,३००. म्हणजे सीआर-व्ही या खेळात नाहीच, दुकानदार काहीही म्हणो. या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या दांड्यावरून हिचवर पडायला हवा, म्हणजे इथे २३० ते ३४५ पौंड. तो कमी झाला की वेगात ट्रेलर शेपटासारखा हलायला लागतो आणि गाडीला ओढत नेतो.

आता बघा, सामान कोण भरतं? आपण. तांदळाची गोणी, पाण्याचे कॅन, कुकर आणि लोखंडी तवा "मागे जागा आहे" म्हणून मागच्या टोकाला ठेवले की पुढचा भार कमी होतो. म्हणजे जिला "काही कळत नाही", तिच्याच हातात ट्रेलर सरळ चालणं असतं. जड सामान चाकांच्या वर आणि थोडं पुढे, हे एवढं शिकायचं आहे. खात्री करायची असेल तर ट्रक थांब्यांवर वजनकाटा असतो, थोड्या डॉलरांत पूर्ण भरलेल्या गाडीचं वजन मिळतं.

म्हणून म्हणते, जुना कॅम्पर बघायला जाताना तुम्ही स्वतः जा, आणि मागे उभ्या राहू नका. विक्रेता म्हणाला, "घडी केलेला आहे, फोटो बघा," तर परत या. आपल्यासमोर छत वर उचलायला सांगा. चारही कोपरे सारखे वर जातात का, तारेचे दोर कुठे उसवलेत का, चाक फिरवताना कुरकुरतं का ते बघा. छताला आधाराच्या दांड्या असतील तर त्या लावल्याशिवाय मुलांना आत सोडू नका. आत शिरल्याबरोबर वास घ्या. कुबट वास आला आणि वर सुगंधी फवारा मारलेला असला तर तो दुहेरी पुरावा समजा. साडी घेताना आपण पदर उजेडात धरून बघतो ना, तसं आत उभं राहून भरदुपारी कापड बघा, भोकं चांदण्यांसारखी दिसतात. जमिनीचे कोपरे, दाराजवळची जागा आणि सिंकखालचा भाग पायाने दाबा. भुसभुशीत लागलं की लाकूड कुजलेलं आहे. नवं कापड शिवून बसवणं किंवा कुजलेली जमीन बदलणं याला जुन्या कॅम्परच्या किमतीइतका खर्च येऊ शकतो.

टायरवर "डीओटी" अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी ट्रेलरचे टायर पाच-सहा वर्षांनी बदलायचे, कारण ते उभ्या उभ्याच म्हातारे होतात. चाकांच्या बेअरिंगला शेवटचं ग्रीस कधी भरलं ते विचारा, वर्षातून एकदा भरायला हवं. शेगडी, फ्रिज, हीटर तिथेच पेटवून दाखवायला सांगा. गॅसचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारी यंत्रं आहेत का आणि त्यांची मुदत संपली आहे का, तेही बघा. थंडी वाजते म्हणून शेगडी पेटती ठेवून झोपायचं नाही, हे मुलांसमोर मोठ्याने सांगा. कागदावरचा क्रमांक आणि ट्रेलरवरचा क्रमांक जुळत नसेल तर पैसे पाकिटातच ठेवा. आणि जिथे जायचं तिथले नियम आधी वाचा. यलोस्टोनच्या फिशिंग ब्रिज इथल्या आरव्ही पार्कात अस्वलांमुळे कापडी भिंतींच्या कॅम्परला मुक्कामाची परवानगीच नाही. हे तिथल्या फाटकावर कळण्यात काय अर्थ?

काही ज्येष्ठ भगिनी म्हणतील, एवढा खटाटोप कशाला, हा सगळा परिग्रहच. त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. कॅम्पर परिग्रहच आहे, कापडाचा आहे म्हणून कमी होत नाही. पण आपल्या गृहस्थांना सांगितलं आहे ते परिमाण, आधी मर्यादा ठरवा आणि तिच्या आत राहा. त्याच मापाने हॉटेलच्या रात्री, गॅरेजमधली तिसरी गाडी आणि कपाटातल्या न नेसलेल्या साड्याही मोजल्या जाव्यात. आमच्या घरात मर्यादा अशी आहे: कर्जावर घ्यायचा नाही, आपल्या सध्याच्या गाडीला ओढता येईल त्याहून मोठा घ्यायचा नाही, आणि सलग दोन उन्हाळे वापरला नाही तर विकायचा. या मधल्या अटीत खूप काही वाचतं. पॉप-अपनंतर मोठा ट्रेलर, त्यासाठी मोठा ट्रक, त्यासाठी मोठं गॅरेज, अशी जी साखळी आपण आसपास बघतो, ती तिथेच तुटते. न वापरता अंगणात कुजत ठेवलेला कॅम्पर हा मात्र कुणी काहीही म्हणो, अनर्थदंडच.

दुसरा आक्षेप पुरुष मंडळींचा येईल, "चालवतो कोण? उलटं मागे घेतो कोण?" तुम्ही चालवता, मान्य. मग आम्हीही शिकतो. रिकाम्या पार्किंगमध्ये दोन रविवार सकाळी सराव केला की ट्रेलर मागे घेता येतो, युक्ती एवढीच की स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला हात धरायचा आणि ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा त्या बाजूला हात सरकवायचा. हिच लावणं, साखळ्या अडकवणं, चाकांना ठोकळे लावणं, हँडल फिरवणं यातलं काहीच ताकदीचं काम नाही. आम्ही हे शिकू, तुम्ही कापड वाळवायला आणि खिचडी टाकायला शिका. रस्त्यात तुमची पाठ धरली किंवा ताप आला तर गाडी घरी कोण आणणार, याचंही उत्तर त्यात आहे.

तेव्हा या वर्षी तुमच्या घरी कुणी जाहिरात पुढे केली तर लगेच नाही म्हणू नका आणि लगेच होही म्हणू नका. कागद घ्या आणि चार कामं लिहा: पावसानंतर सोमवारी कापड वाळवणं, ऑक्टोबरातला शनिवार, बेअरिंगचं ग्रीस, आणि मुक्कामी संध्याकाळचं जेवण. प्रत्येक कामापुढे नाव लिहायला सांगा, त्यांच्याच अक्षरात. चारही ठिकाणी तुमचंच नाव आलं तर पैसे देऊ नका, ते कितीही स्वस्तात मिळत असलं तरी. नावं वाटली गेली तर खुशाल बघायला जा, आणि जाताना टायरच्या आकड्यांसाठी टॉर्च न्या.